सात वेळा आत घेतलेली पँट

मास्तरांच्या दुकानात एक नियम होता. ढगळ कपड्यातला माणूस उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. मग तो गिऱ्हाईक असो की रस्ता विचारायला आलेला. "दोन मिनिटं थांबा," म्हणत ते तोंडात टाचण्या धरायचे आणि समोरच्याच्या पाठीमागे जायचे. पोस्टमनचा गणवेश त्यांनी न विचारता दोनदा नीट केला. तिसऱ्या वेळेपासून पोस्टमन त्यांची पत्रं शेजारी देऊ लागला.

शेजारी छापखाना आहे. तिथे मी प्रुफं तपासतो. साहित्यात एम. ए. केल्यावर जे मिळतं ते. मास्तर मला एमे म्हणतात. दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्या कापायच्या टेबलाच्या कडेला बसतो. ते शिवतात, मी बोलतो. आमच्या वयात पस्तीस वर्षांचं अंतर आहे, पण मैत्री आहे. निदान मी तसं समजतो.

दुकानाची पाटी गंजली होती. तिच्यावरचं एकही अक्षर लागत नव्हतं. तिची गरजही नव्हती. मास्तर दारात उभे राहिले की काम भागायचं. कडक इस्त्रीची पँट, अंगासरसं जाकीट, पाठीत कुठे सुरकुती नाही. बोटं सिगारेटने पिवळी, केस विरळ, सुई ओवून ओवून एक डोळा कायमचा बारीक. पण हे सगळं नंतर दिसायचं. आधी कपडे दिसायचे.

दुखणं गेल्या वर्षी सुरू झालं. जेवण झालं की अर्ध्या तासाने बेंबीच्या वर पिळवटायचं. तास-दीड तास राहायचं आणि जायचं. उपाशी असले की काही नाही. मास्तरांनी हे सगळं पहिल्याच डॉक्टरांना, पहिल्याच दिवशी, ह्याच क्रमाने सांगितलं. पुढच्या अकरा महिन्यांत त्यात भर घालण्यासारखं काही नव्हतं. फक्त कुणीतरी ऐकायला हवं होतं.

डॉक्टरांच्याही आधी मेहुणे आले. काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, हा धाकटा भाऊ औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. चोवीस वर्षं गोळ्या देऊन आपण अर्धे डॉक्टर झालोय, असं तो स्वतः सांगतो. उरलेल्या अर्ध्याची चौकशी कुणी करत नाही.

"भाऊजी, हा गॅस आहे."

"गॅस कसा? ढेकर येत नाही."

"अडकलेला गॅस. तो जास्त वाईट."

गुलाबी औषधाची बाटली आली. मग पांढऱ्या औषधाची. पांढरी संपल्यावर मास्तर फॅमिली डॉक्टरांकडे गेले. सोबत मी होतो. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा ठेवलेला होता. तो उचलण्याचे कष्ट डॉक्टरांनी घेतले नाहीत.

"वजन उतरलंय का? कपडे सैल झालेत?"

मास्तर दुखावले. "माझे कपडे? सैल?"

ते खुर्चीवरून उठले. एक सावकाश गिरकी घेतली. डॉक्टरांनी पाहिलं, मीही पाहिलं. कपडे बेतल्यासारखे बसले होते. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, वजन ठीक.

घोडं इथेच पेंड खात होतं. दर दीड महिन्याने मास्तर स्वतःची पँट आत घेत होते. मागची शिवण उसवायची, दोन बाजू आत सरकवायच्या, पुन्हा शिवायचं. जाकिटाच्या बगला आत घेतल्या. खांद्यात कापसाचा एक थर जास्त घातला. ते काही लपवत नव्हते. त्यांच्या लेखी हा आजार नव्हताच, काम होतं. पँट ढगळ झाली, नीट केली. नखं वाढली की कापतो तसं.

काकूंना काही दिसत नव्हतं असं नाही.

"अहो, वाळलात तुम्ही."

"वाळलो असतो तर पँट घसरली असती. घसरते का?"

"नाही."

"मग?"

समोर माणूस टाचणीइतका होत होता आणि त्याची पँट साक्ष देत होती की सगळं ठीक आहे. साक्षीदार कुणी शिवला, हे कुणी विचारलं नाही.

फॅमिली डॉक्टरांची ॲसिडिटी चार महिने चालली. मग पोटाचे मोठे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात मासे होते, काचेच्या पेटीत. सगळे गुबगुबीत. डॉक्टरांनी मास्तरांच्या घशातून कॅमेरा घातला. जठर गुळगुळीत निघालं. मग सोनोग्राफी. मग रक्त. प्रत्येक कागदावर एकच सूचना असायची, उपाशीपोटी यावे. आणि उपाशीपोटी मास्तर ठणठणीत असायचे. ज्या वेळी दुखतं त्या वेळी कुणी पाहत नव्हतं. ज्या वेळी पाहत होते त्या वेळी दुखत नव्हतं.

सोनोग्राफीत पित्ताशयात एक खडा सापडला. वाटाण्याएवढा. कित्येकांच्या पोटात तो जन्मभर असतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण डॉक्टरांचा चेहरा उजळला. पित्ताशय काढलं. खडा एका छोट्या बाटलीत घालून मास्तरांच्या हातात दिला.

"सुटलात भाऊजी," मेहुणे म्हणाले. "आता दगड खा, पचेल."

मास्तरांनी दगड खाल्ला नाही. पाव आणि बटाटा खाल्ला. अर्ध्या तासाने ते पोटाशी गुडघे घेऊन भिंतीकडे वळले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. चोर आत मजेत होता.

यानंतर मास्तर जेवण टाळायला शिकले. ताट आलं की गिऱ्हाईक आठवायचं. डबा उघडला की दोरा संपलेला असायचा. दोन घास, एक सिगारेट, पुन्हा मशीन. डब्यातलं उरलेलं ते मला द्यायचे. मी खात होतो. माझं वजन त्या वर्षी चार किलोंनी वाढलं.

आता माझी पाळी.

दुकानासमोर तयार कपड्यांचं काचेचं मोठं दुकान झालं होतं. मास्तरांची गिऱ्हाइकं तिकडे जात होती आणि नंतर बाह्या आखूड करायला इकडे येत होती. मला एवढं पुरलं. मी सगळं जुळवलं. कारागीर, त्याची संपत चाललेली कला, त्याने सोडलेलं अन्न. मी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, हे पोटाचं नाही. ते जेवण नाकारत नाहीयेत. ते काळ नाकारतायत."

हे वाक्य मी खरोखर बोललो.

काकूंना ते फार काही कळलं नाही, पण शिकलेला मुलगा म्हणतोय म्हणून त्यांनी ते पाठ केलं. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. कापण्यासारखं आणखी काही सापडत नसल्याने डॉक्टर अडलेच होते. त्यांना वाक्य आवडलं. त्यांनी फाइलवर लिहिलं, दुखणे मानसिक.

त्याच आठवड्यात एका दुपारी मास्तर काज करता करता थांबले.

"एमे, मला भूक लागते रे."

"कशाची?" मी विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावरून.

"जेवणाची," ते म्हणाले.

मी समजुतीने मान हलवली. मला वाटलं, त्यांना नेमका शब्द सापडत नाहीये.

मनाच्या डॉक्टरांची खोली छान होती. मऊ खुर्च्या, भिंतीवर समुद्र. त्यांनी मास्तरांना लहानपणाबद्दल विचारलं. मास्तरांनी सांगितलं की लहानपणी पोट दुखत नव्हतं. डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. मग घरच्यांना बोलावून उपाय सांगितला. ताट पूर्ण वाढायचं. सगळ्यांनी एकत्र बसायचं. हसतखेळत. आणि दुखलं म्हणाले तरी लक्ष द्यायचं नाही, कारण लक्ष दिलं की दुखणं शेफारतं.

रविवारी दुपारी आम्ही हा उपाय केला. दुकानावरच्या खोलीत मास्तर मध्ये, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला मेहुणे, समोर मी. मेहुण्यांनी हसण्याची जबाबदारी घेतली होती. ते काउंटरवरचे विनोद सांगत होते. मी घास मोजत होतो.

"मास्तर, अजून एक."

"एमे, पुरे."

"एकच. काकूंसाठी."

त्यांनी खाल्लं. ताट संपवलं. आज्ञाधारक मुलासारखं रिकामं ताट आम्हाला दाखवलं. मेहुण्यांनी टाळी वाजवली. काकूंचे डोळे भरले. पंचवीस मिनिटांनी मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ठरल्याप्रमाणे आम्ही लक्ष दिलं नाही. ते उठून जिना उतरले. आम्ही ठरल्याप्रमाणे हसत राहिलो. मग खालून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मास्तर कापायच्या टेबलाखाली होते. कात्री शेजारी. अंगाचं मुटकुळं झालेलं, ओठ पांढरे. त्या अवस्थेतही त्यांनी जाकीट काढून खुंटीला लावलं होतं. चुरगळू नये म्हणून.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात आम्हाला एक तरुण डॉक्टर भेटली. माझ्याच वयाची असेल. डोळ्यांखाली काळं, केसांना पेन खोचलेलं. तिचा पांढरा कोट खांद्यावरून इतका उतरला होता की मास्तर वेदनेतही तिकडे पाहत होते.

मेहुण्यांनी पुढे होऊन इतिहास सांगायला घेतला. "मॅडम, सुरुवात गॅसपासून झाली."

"यांना बोलू द्या."

"मी औषधाच्या लाइनमध्येच आहे."

"मग तुम्हाला माहीत असेल, लाइन बाहेर असते. तिथे थांबा."

मेहुणे बाहेर गेले. अकरा महिन्यांत प्रथमच कुणीतरी योग्य गोष्ट काढून टाकली होती.

तिने पोट दाबलं. पोट मऊ होतं. एवढं दुखतंय आणि पोट मऊ, हे तिला आवडलं नाही असं दिसलं. मग तिने एक प्रश्न विचारला.

"बाबा, भूक लागत नाही, की जेवायची भीती वाटते?"

मास्तरांनी डोळे उघडले. "भूक लागते. कावळे ओरडतात पोटात. पण जेवायचं म्हटलं की हातपाय गार पडतात." मग माझ्याकडे बोट केलं. "मी याला सांगितलं होतं."

मी जमिनीकडे पाहिलं. फरशी होती.

तिने पँटचं बक्कल सोडलं आणि तिचा हात मागच्या बाजूला थांबला. कमरेच्या शिवणीजवळ कापडावर बारीक भोकांच्या ओळी होत्या. एकीशेजारी एक. उसवलेल्या टाक्यांच्या जुन्या खुणा. पोटाच्या मोठ्या डॉक्टरांनी आतून कॅमेरा घातला होता, पण पँट उलटून पाहिली नव्हती.

"ही किती वेळा आत घेतलीत?"

"सात." दुखत असतानाही आवाजात जरा तोरा आला. "पण ओळखू येत नाही ना?"

"मला आलं," ती म्हणाली.

मग तिने स्टेथोस्कोप छातीवर न लावता पोटावर लावला. छातीच्या हाडाच्या खाली, बेंबीच्या वर. डोळे मिटून ऐकत राहिली. मग नळ्या माझ्या कानात घातल्या. "ऐका. तुम्ही मित्र ना?"

आत फूस फूस असा आवाज होता. प्रत्येक ठोक्याबरोबर. इस्त्रीतून वाफ निघावी तसा. अकरा महिने तो तिथे वाजत होता. त्यावर कुणी कान ठेवला नव्हता. मी तर शेजारी बसून बोलत होतो.

तिने आम्हाला साध्या शब्दांत सांगितलं. आतड्याला रक्त नेणाऱ्या तीन मोठ्या नळ्या असतात. सिगारेटने, वयाने त्या आतून गंजतात, अरुंद होतात. उपाशी असताना आतड्याला थोडं रक्त पुरतं. जेवलं की त्याला काम लागतं, जास्त रक्त लागतं. ते पोचत नाही. मग आतडं ओरडतं. "माझा अंदाज आहे," ती म्हणाली. "चित्र काढल्याशिवाय नक्की नाही. पण खरं निघालं तर हे साधं नाही. नळी एक दिवस पूर्ण बंद होते. मग आतडं मरायला काही तास पुरतात."

काकूंनी माझा दंड धरला. आम्ही त्यांना जबरदस्तीने जेवू घातलं होतं. हसतखेळत.

तासाभरात दुखणं ओसरलं. नेमके तेव्हाच मोठे सर फेरीला आले. त्यांनी फाइल पाहिली. जाडजूड फाइल. शेवटच्या पानावर मानसिक.

"यांना कशाला ठेवलंय? सगळं तपासून झालंय. आता दुखतंय का, बाबा?"

"नाही," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

"घरी पाठवा."

"सर, वजन खूप उतरलंय," ती म्हणाली. "आणि पोटावर आवाज आहे."

"आवाज काय, कुणाच्याही पोटावर असतो. वजनाची नोंद कुठाय? इथे तर लिहिलंय, वजन ठीक."

तिने फाइल उलटून पाहिली. नोंद नव्हती. पोटाच्या मोठ्या डॉक्टरांनी एकदाच वजन केलं होतं, एकोणपन्नास किलो. आधीचा आकडाच नव्हता, तर ताडून कशाशी पाहणार?

मास्तर खाटेवरून म्हणाले, "एमे, मापाची वही आण. खालच्या खणातली. लाल."

मी पळालो. वहीत गिऱ्हाइकांची मापं होती, पानोपानी, तारखेसह. शेवटच्या पानावर वर लिहिलं होतं, स्वतः. कंबर छत्तीस. पस्तीस. चौतीस. सव्वातेहेतीस. बत्तीस. एकतीस. तीस. एकोणतीस. आठ तारखा, अकरा महिने. मास्तर दुसऱ्याचं माप टेप लावल्याशिवाय घेत नाहीत, तर स्वतःचं अंदाजाने कसं घेतील? तीन डॉक्टरांना जमली नव्हती ती नोंद दोरे आणि बटणांच्या खणात पडून होती.

सरांनी पान पाहिलं. दोनदा पाहिलं. मग मास्तरांच्या पँटकडे, मग तिच्या हातातल्या स्टेथोस्कोपकडे.

"सांगितलं का नाहीत आधी?" ते मास्तरांना म्हणाले.

"विचारलंत कुठे? सैल आहेत का, असं विचारत होते सगळे. सैल नव्हतेच."

शिरेतून औषध सोडून स्कॅन झालं, त्याच दिवशी. पडद्यावर तिने आम्हाला बोटाने दाखवलं. मुख्य नळी खांबासारखी जाड. तिच्यातून निघणाऱ्या तीन फांद्यांपैकी एक बंद. दुसरी दोऱ्याएवढी उरलेली. तिसरीवर सगळा संसार चाललेला.

"कितीचा दोरा?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"चाळीसचा की साठचा?"

तिला कळलं नाही. "बारीक," ती म्हणाली.

"साठचा," मास्तर मला म्हणाले. "तुटतो तो."

दोन दिवसांनी दंडातल्या धमनीतून तार घालून त्या दोऱ्याएवढ्या फांदीत जाळी बसवली. मास्तर जागेच होते. बाहेर मेहुणे येरझाऱ्या घालत होते. "मी पहिल्यापासून म्हणतोय," ते एका अनोळखी माणसाला सांगत होते, "हे रक्ताचं काहीतरी आहे." काकूंनी भावाकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. तोंड बंद ठेवायला तेवढी पुरली.

फाइल परत द्यायला मी पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अहवाल वाचला. म्हणाले, "फारच दुर्मिळ बरं का. आम्हाला वर्षानुवर्षं दिसत नाही." मासे मजेत होते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मला आठवली. पण मी बोललो नाही. पखालीला औषध देण्यात मीही होतो.

पहिले काही दिवस पातळ आणि थोडं थोडं. आठव्या दिवशी सरकारी रुग्णालयातल्या त्या तरुण डॉक्टरने सांगितलं, घरी पोटभर जेवून बघा. आम्ही पुन्हा त्याच खोलीत, त्याच जागी बसलो. फक्त ह्या वेळी हसायची जबाबदारी कुणाकडे नव्हती. मास्तरांचा हात घासापर्यंत जाऊन दोनदा परत आला. जाळी नळीत बसली होती, भीती अजून जागेवर होती. कुणी अजून एक म्हणालं नाही. त्यांनी आपल्या मनाने, आपल्या चालीने अर्धं ताट खाल्लं. मग घड्याळ काढून समोर ठेवलं.

आम्ही तीन मोठी माणसं एका माणसाचं पचन पाहत बसलो. पंधरा मिनिटं. वीस. पंचविसाव्या मिनिटाला काकूंनी डोळे मिटले. तिसाव्याला मास्तरांच्या कपाळाकडे मी इतका रोखून पाहत होतो की ते म्हणाले, "एमे, घाम तुला येतोय."

पंचेचाळीस मिनिटं झाली. काही झालं नाही.

मास्तर खिशाकडे हात नेऊन थांबले. सिगारेट तिथे नव्हती. काकूंनी घरातली शेवटची काडीपेटीसुद्धा शेजारी देऊन टाकली होती. त्यांनी हात परत आणला आणि काकूंना विचारलं, "उरलंय का काही?"

काकू उठल्या. पातेलंच उचलून त्यांनी ताटाशी आणून ठेवलं.

महिन्याभराने दुपारी मी दुकानात गेलो तर मास्तर लुंगीवर बसले होते. टेबलावर ती पँट उलटी पसरलेली. शेजारी एक पांढरा कोट, कापून ठेवलेला. खांदे अरुंद. माप कधी घेतलं म्हणून मी विचारलं. "झोपल्या झोपल्या," ते म्हणाले. "डोळ्यांनी. एवढी हुशार पोरगी आणि पोतं घालून फिरते."

पँट आता कमरेला घट्ट होत होती. त्यांनी ब्लेड माझ्याकडे सरकवलं. मी शिवण पाहिली. सातही वेळा त्यांनी जादा कापड कापलं नव्हतं. एकावर एक दुमडून आत ठेवलं होतं. कमरेशी जाड गादी झाली होती. ती टोचत असणार, महिनोन् महिने.

"कापलं का नाहीत?" मी विचारलं. "तुम्हाला वाटत होतं का, की आपण परत..."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. मी "कशाची?" विचारलं त्या दुपारी पाहिलं होतं तसंच.

"उसव," ते म्हणाले. "अर्थ नको लावूस."